डब्यातलं ‘येतो’

१

आईच्या घरात सकाळी पहिलं बोलणं माझ्या भावाचं असायचं.

"आई, उठलीस का? गोळ्यांचा डबा उघडलाय. पांढरी एक, गुलाबी अर्धी. वर पेलाभर पाणी पी. येतो."

"ये रे बाबा," आई म्हणायची आणि गोळ्या घ्यायची.

कैलास गेल्या दिवाळीच्या तोंडावर वारला. त्याचा आवाज ओट्यावरच्या फळीवर, साखरेच्या बरणीशेजारी, मुठीएवढ्या स्पीकरमध्ये राहिला होता. दुसरा स्पीकर बाहेरच्या खोलीत आणि तिसरा दाराच्या चौकटीवर. आई तिन्हींना मिळून ‘कैलासचा डबा’ म्हणायची.

लोणावळ्यात भांगरवाडीला आमचं दोन खोल्या नि स्वयंपाकघर एवढंच घर आहे. वडील रेल्वेत होते. घाट चढणाऱ्या मालगाड्यांना मागून जोर लावणाऱ्या इंजिनांवर त्यांची सारी नोकरी झाली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी हे घर बांधलं. आई टाकव्याची, शेतकऱ्याची मुलगी. वडिलांच्या मागं ती इथं एकटी राहिली आणि मजेत राहिली. मग कधी दुधाखालचा गॅस विसरू लागली, कधी कुलूप लावून किल्ली आतच ठेवू लागली. डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हणून सांगितलं तेव्हा तिनं आम्हा दोघांना समोर बसवलं.

"डोकं जाईल तर जाईल," ती म्हणाली. "पाय हाईत तवर मला ह्या उंबऱ्यातनं काडू नका. ना तुझ्याकडं, ना ह्याच्याकडं, ना त्या आश्रमात. कबूल?"

आम्ही कबूल केलं. ते अजून माझ्यावर आहे.

२

कैलास आंबीच्या एका कारखान्यात यंत्रांच्या सेन्सरचं काम बघायचा. त्यानं रविवारी रविवारी येऊन घर सजवलं. दारावर चुंबकाचा तुकडा, दार उघडलं की आमच्या फोनवर कळणारा. गोळ्यांसाठी ठरल्या वेळी आपोआप उघडणारा डबा. गॅसच्या नळीवर एक झडप, बर्नर रिकामा पेटत राहिला की आपोआप बंद होणारी. आईच्या खुर्चीच्या आणि पलंगाच्या गादीखाली एकेक पातळ पट्टी, कुणी बसलं-निजलं की सांगणारी. कॅमेरा मात्र लावला नाही. "आईवर पाळत ठेवायची नाही, ताई," तो मला म्हणाला. "तिला फक्त आठवण करून द्यायची."

आठवण करून द्यायला त्या यंत्रात आधी एका बाईचा आवाज होता. "कृपया आपली औषधे घ्यावीत." आईनं पहिल्याच सकाळी फळीकडं बघून कमरेवर हात ठेवले.

"ही कोन बया? हिला माझ्या चुलीपाशी कुनी घेतली?"

मग कैलासनं स्वतःचा आवाज भरायला घेतला. स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर बसून पहिलं वाक्य बोलला आणि सवयीनं, उठता उठता, "येतो" म्हणाला. बाहेरच्या खोलीतून आईनं उत्तर दिलं, "ये." आम्ही दोघं पोट धरून हसलो. त्यानं ते पुसलं आणि पुन्हा भरलं, ‘येतो’ न म्हणता.

पण दुसऱ्या आठवड्यात त्याच्या लक्षात आलं की आई त्याचं सगळं ऐकून घेते आणि हातात गोळी धरून तशीच उभी राहते. बोलणं पुरं झालं हे तिला कळतच नव्हतं. आमच्याकडं निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. घरातलं माणूस ‘ये’ म्हणतं, आणि मग तो उंबरा ओलांडतो. ‘येतो’ म्हटल्याशिवाय माणूस गेला कसा? तो अजून तिथंच, फळीपाशी उभा. त्याच्याकडं पाठ करून पाणी तरी कसं प्यायचं?

म्हणून कैलासनं एकेका वाक्याच्या शेवटी ते जोडून दिलं. "आई, गॅस राहिला होता, मी बंद केलाय. येतो." "आई, दुपार झाली, दोन घास खा. येतो." "आई, बाहेर निघालीस का? किल्ली घे. येतो."

आणि आई प्रत्येक वेळी म्हणायची, "ये." सकाळी, दुपारी, संध्याकाळी. मी तिथं असले की माझ्याही तोंडून निघून जायचं.

३

त्या रविवारी तळेगावहून मोटारसायकलवर निघण्याआधी त्यानं आईला फोन केला होता. येतो, म्हणाला. कामशेतच्या अलीकडं एका टँकरनं त्याला उडवलं.

आईला मी सांगितलं. ती आईनं रडावं तशी रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा बोलला, तिनं "ये" म्हटलं आणि त्याच्यासाठी जास्तीचा चहा टाकला. मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखी कोसळली. त्यानंतर मी सांगणं सोडलं. माझं एकदाचं रडणं अजून पुरं व्हायचं होतं आणि तिला मी ते रोज नव्यानं द्यायचं, हे मला जमणारं नव्हतं.

शेजारच्या नुसरतनं माझी बाजू घेतली. नुसरत शिवणकाम करते. तिच्या मशिनचा आवाज आमच्या भिंतीतून दिवसभर येतो आणि आमच्या घराची एक किल्ली तिच्याकडं असते.

"सांगून काय होणार, ताई?" ती म्हणाली. "मावशींच्या हिशेबानं तो कामावर गेलाय. राहू दे कामावर. आणि ते डब्यातलं काढू नका बरं का. माझं ऐकत नाहीत त्या. परवा म्हटलं, मावशी, गॅस बंद करा. तर मलाच म्हणतात, तू तुझा भात बघ."

मी काढलं नाही. आईचं त्या घरात एकटीनं राहणं त्या आवाजावर उभं होतं. मलाही तो ऐकायचा होता, हेही आहेच.

मी तळेगावात एकटी राहते. लिहिते, दुसऱ्यांची पुस्तकं दुरुस्त करते. लोकलनं एक दिवसाआड आईकडं जायचं, उरलेल्या दिवशी फोनवर घराची हालचाल बघायची, असं मी लावून घेतलं. दार उघडलं. दार लागलं. खुर्चीत कुणी बसलंय. गॅस बंद. त्या नोंदी वाचताना घर डोळ्यांपुढं उभं राहायचं. हिवाळा असाच गेला.

४

शिमगा होऊन गेला होता. भर दुपारी मी बाहेरच्या खोलीत मुद्रितं तपासत बसले होते. ऊन दारातून आत, फरशीच्या तिसऱ्या ओळीपर्यंत आलं होतं. घाटाकडून इंजिनाची लांब शिट्टी ऐकू आली. आई आत डाळ निवडत होती.

दारावरचा डबा म्हणाला, "आई, आलो गं. मीच आहे, दचकू नकोस."

मी दाराकडं बघितलं. फाटक लावलेलं होतं. अंगणात दोरीवर आईचं पातळ वाळत होतं, अजिबात न हलता.

"आलास?" आई आतून म्हणाली. "हातपाय धू. ताई बी आलीया."

मी आत गेले. "आई, हे कधीपासून म्हणतोय तो?"

"काय?"

"आलो म्हणून."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर मला समजून घेतल्याचा भाव होता, वेड्या माणसाला घेतात तसा. "आल्यावर आलोच म्हननार की गं. दुसरं काय म्हनंल?"

हे वाक्य कैलासनं भरल्याचं मला माहीत नव्हतं. त्याचा लॅपटॉप माझ्याकडं होता. मी तो उघडला, सगळी वाक्यं एकेक करून ऐकली, आणि ते सापडलं. मला एकदम हलकं वाटलं. स्वतःच्या किल्लीनं दार उघडून आत आला की आई दचकायची, म्हणून त्यानं ही सोय केली होती. त्याचा फोन घराच्या वायफायला जोडला गेला की डब्यानं ते वाक्य म्हणायचं. बाकी काही नाही. यंत्राची साधी समजूत होती की कैलासचा फोन घरात आलाय.

त्याचा फोन पोलिसांनी मला कापडी पिशवीत दिला होता. संध्याकाळी तळेगावला जाऊन मी कपाट उघडलं. पिशवी जिथं ठेवली होती तिथंच होती. काच चुरा झालेली, फोन मधोमध वाकलेला. चार्जर लावून बघितला. तो त्यात शिरलाही नाही.

चूक झाली असेल, मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या कुणाचा तरी फोन, दुसरं काहीतरी नाव. यंत्रं असल्या चुका करतात. मी ते वाक्य आणि ती अट दोन्ही पुसून टाकलं, आणि पुसलं गेल्याची खात्री करून घेतली.

पुढच्या खेपेला मी मुद्दाम दुपारी गेले. खोलीत तेच ऊन होतं.

"आई, आलो गं," डबा म्हणाला. "मीच आहे."

‘दचकू नकोस’ या वेळी नव्हतं. ते आता लागत नव्हतं बहुतेक.

५

तळेगावात असताना माझ्या फोनवर नोंद आली. खुर्ची : कुणी बसलंय.

नेहमीची वेळ नव्हती. या वेळी आई नुसरतकडं जाऊन बसायची. मी नुसरतला फोन लावला.

"आई कुठं आहे?"

"ही काय माझ्यापुढं. ब्लाऊजला हुक लावतायत. उलटे लावतायत, पण लावतायत. का हो ताई?"

"घरात कुणी गेलंय का?"

"किल्ली माझ्या कमरेला आहे. कोण जाणार? मांजर असेल."

मांजर नव्हतं. कैलासनं ती पट्टी लावताना शेजारचं मांजर खुर्चीत ठेवून, काढून, पुन्हा ठेवून बघितलं होतं. त्याच्या वजनाला ती जागी होत नव्हती. तिला माणूसच लागायचं.

"नुसरत, जरा बघून येतेस? फोन चालू ठेव."

तिच्या चपलांचा आवाज ऐकू आला. किल्ली, कडी. माझ्या फोनवर नोंद आली, दार उघडलं. मग तिच्या चपला थांबल्या.

"काय दिसतंय?"

"काही नाही. घर आहे तसं आहे." मग म्हणाली, "ताई, खुर्ची खिडकीकडं तोंड करून असते ना मावशींची?"

"हो."

"आता दाराकडं आहे."

ती दार ओढून बाहेर आली, हे मला नोंदीवरून कळलं. फोनवर मात्र तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि लांब कुठंतरी, तिच्याच घरातून, आईचा आवाज : "ए पोरी, दोरा दे की."

नुसरतनं त्या दिवशी कुणाला काही सांगितलं नाही. संध्याकाळी फोनवर मला एवढंच म्हणाली, "मी मावशींना सोडणार नाही, ताई. पण त्या खोलीत मला एकटीला पाठवू नका."

६

दुसऱ्या दिवशी मी सामान घेऊनच आईकडं गेले, राहायला. पलंगावर वडिलांची जुनी रेल्वेची पिशवी होती. तीत दोन पातळं, चष्म्याचं घर, आणि कागदात गुंडाळलेला खोबऱ्याचा गोळा.

"हे काय, आई?"

"कैलास नेनार हाय मला."

"कुठं?"

"ते न्हाई सांगितलं." ती सहज म्हणाली. "रोज इचारतोय. आई, निघायचं का? मी म्हनते, थांब रे, डाळ शिजू दे. मंग बसतो खुर्चीत. काल म्हनला, निघायचं का? म्हनलं, कुरडया वाळू घातल्यात, त्या उचलाया नगं? बसला परत. गुनाचा हाय, घाई न्हाई करत."

मी तिच्याकडं बघत राहिले. डाळीनं आणि कुरडयांनी माझ्या आईला आजवर राखून ठेवलं होतं. अर्धवट टाकलेल्या कामावरून उठून जाणारी ती बाई नव्हती. आजारानं तिच्यातलं बरंच नेलं होतं, पण हे अजून नेलं नव्हतं.

मी आधी डबे बंद करून बघितले. तिन्हींच्या वायरी काढल्या आणि दिवसभर मीच तिच्या पाठी राहिले. सकाळच्या गोळ्या तिनं माझ्या हातून घेतल्या नाहीत. "कैलास सांगंल तवा," म्हणाली. दुपारी जेवली नाही. फळीखाली उभी राहिली, वर बघत, पाय दुखेपर्यंत. मी बसवलं की परत उठायची. संध्याकाळी पातेलं चिमट्याशिवाय उचलायला गेली, कुणीतरी सांगेल म्हणून थांबली, आणि तळहात भाजून घेतला.

"त्यो उभाच हाय तितं," ती हुंदके देत म्हणाली. "त्याला जाऊ दे की गं. त्याला बोलू दे."

मी वायरी परत जोडल्या.

हे असंच चालायचं असेल तर मला दोनच रस्ते होते. तिला या उंबऱ्यातून काढून कुठंतरी न्यायचं, जे कधी करणार नाही असं मी कबूल केलं होतं. किंवा तिचं काम संपू द्यायचं नाही. मी दुसरा धरला. बाजारातून गहू आणले, बाजरी आणली, निवडायला तिच्यापुढं ठेवली. निवडून झालं की मी आत नेऊन खडे परत मिसळायची. लसूण सोलायला, जुने स्वेटर उसवायला, लोकरीचे गुंडे करायला दिले. ती दमायची, कुरकुरायची. "सासुरवास लावलाय पोरीनं," नुसरतला सांगायची. पण संध्याकाळी तिच्या मांडीवर अर्धं काम पडलेलं असायचं, आणि मी बघायची, त्या अर्ध्यावर ती झोपी जायची.

दुपारी डबा बोलायचा. आई म्हणायची, "थांब रे. एवढं होऊ दे."

मग खुर्चीची गादी खाली दबायची. मी त्या वेळी तिकडं बघत नसे. आवाज मात्र ऐकू यायचा, वेत कुरकुरल्याचा.

७

वाल संपले म्हणून मी बाजारात गेले. नुसरत घरात बसायला आली होती, पण तिच्या दारात गिऱ्हाईक उभं राहिलं आणि ती जरा बाहेर गेली. तिची चूक नव्हती. उन्हाच्या वेळी, हाकेच्या अंतरावर.

भाजीवाल्यापुढं उभी असताना माझ्या फोनवर नोंद आली. खुर्ची : रिकामी. लगेच दुसरी. दार उघडलं.

मी वालाची पिशवी तिथंच टाकली. भांगरवाडीच्या रस्त्यावरून या वयात धावताना लोकांनी मला बघितलं असेल. कुणी हाक मारली, मी वळले नाही. डोक्यात एकच होतं, ती उंबऱ्याच्या आत असू दे.

फाटक उघडं होतं. आई दारात होती. पायात चपला, खांद्याला रेल्वेची पिशवी, डोक्यावर पदर नीट घेतलेला, लग्नाला निघाल्यासारखी. एक पाय उंबऱ्यावर होता. निवडलेली बाजरी तिच्यामागं परातीत सारखी करून ठेवली होती, स्वेटरच्या लोकरीचे गुंडे एका रांगेत.

"झालं गं सगळं," ती मला म्हणाली. "काय ऱ्हायलं न्हाई."

तिचा डावा हात तिच्यापुढं होता, कोपरात जरा वाकलेला. मी त्या हाताकडं बघितलं. आईच्या हातात सैल काचेच्या बांगड्या असतात. आता तर मनगटं बारीक झाल्यापासून त्या सदा हातावर खाली येऊन वाजतात. त्या वाजत नव्हत्या. त्या मनगटाच्या वर सरकून दाटीनं बसल्या होत्या, कुणी मनगट धरलं की बसतात तशा. खाली तिची सुरकुतलेली कातडी चार ठिकाणी दबली होती.

मी बघत असताना तो हात थोडा पुढं गेला. आई त्याच्या मागोमाग गेली.

"आई, थांब. आत ये."

"आता कशाला थांबू? दारातनं किती येळा परतवायचं त्याला?" ती मला समजावत होती, लहानपणी समजावायची तशी. "येतो म्हनला, मी ये म्हनलं. रोज म्हनलं. तू बी म्हनलीस. मंग आला. त्याचं काय चुकलं?"

त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

ऊन इतकं होतं की अंगणात कुठं सावली पडायला जागा नव्हती. तरी आईच्या पुढ्यात, उंबऱ्याच्या बाहेरच्या पायरीवर, फरशी मला जरा गार, जरा काळसर दिसली, एका माणसापुरती. मी त्यापलीकडं डोळे नेले नाहीत. तिथं चेहऱ्याच्या उंचीवर बघितलं असतं तर मला पुढचं बोलता आलं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

आमच्या घरात एक शब्द दारात बोलत नाहीत. पाहुण्याला नाही, भांडून निघालेल्याला नाही, मयताला तर नाहीच. स्मशानातून परत आलेल्यांनाही आम्ही ‘या’ म्हणतो. मी कैलासला शाळेला, नोकरीला, त्या शेवटच्या रविवारच्या आधीच्या रविवारी, कितीदा दारातून निरोप दिला. तो शब्द मी कधी वापरला नव्हता.

मी आईचा उजवा हात दोन्ही हातांनी धरला.

"कैलास," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा शांत होता. "जा."

काही झालं नाही. घाटाकडं इंजिन शिट्टी देत होतं, लांबलचक. ती थांबेपर्यंत मी आईचा हात सोडला नाही.

"जा, भाऊ," मी म्हणाले. "येऊ नकोस."

बांगड्या खाली घसरल्या आणि वाजल्या.

आईनं मनगटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिचा चेहरा हळूहळू कडक झाला. "असं म्हनू न्हाई, राजी," ती म्हणाली. "उंबऱ्यात तर न्हाईच. कुनाला म्हनलीस?"

"कुणाला नाही. आत चल."

"कुनाला म्हनलीस?"

मी तिला खुर्चीत बसवलं नाही. ओट्यापाशी पाटावर बसवलं, चपला काढल्या, पाणी दिलं. नुसरत धावत आली आणि दारातच थांबली. आत येऊन बाजरीची परात उचलली आणि सगळी परत पोत्यातल्या बाजरीत ओतली, मग परात पुन्हा भरून आईपुढं ठेवली.

"मावशी, हे काय," ती म्हणाली. "एवढी बाजरी पडलीय आणि तुम्ही फिरायला निघाल्या?"

"तर काय," आई म्हणाली, आणि परात पुढं ओढली.

८

त्याच आठवड्यात मी कैलासचा आवाज पुसला. सगळा, एकेक वाक्य. पुसण्याआधी एकेक ऐकलं. कुठंही प्रत ठेवली नाही. ठेवली असती तर मी ती लावली असती.

मग त्याच जागी बसून माझा आवाज भरला. प्रत्येक वाक्याच्या शेवटी जीभ सवयीनं पुढं जायची आणि मी ती आवरायची. आता डबा म्हणतो, "आई, गोळ्या घे. मी आहे." आईला ते पटायला वेळ लागला. काही दिवस ती फळीकडं बघायची, मग माझ्याकडं. मी खरंच समोर असायची. हळूहळू तिनं ते धरलं. आवाजामागं माणूस असलं की तिला उभं राहावं लागत नाही.

तळेगावचं घर मी भाड्यानं दिलं. मुद्रितं इथंच येतात. आई चालते-फिरते, स्वतःची आंघोळ करते, भाकरी थापायला बसते आणि अर्ध्यात विसरते. ती तिच्या घरात आहे. मी कबूल केलं होतं ते एवढंच.

खुर्ची मी खिडकीकडं वळवून ठेवते. गादीखालची पट्टी काढली नाही. बहुतेक दिवस ती काही सांगत नाही.

बाहेर जाताना मी आईला काही म्हणत नाही. ‘येते’ माझ्याच्यानं म्हणवत नाही, आणि दुसरा शब्द मी तिच्यासाठी वापरणार नाही. चपला घालते, पिशवी घेते, नुसरतला खूण करते आणि निघते. आईला त्याचीही सवय झाली.

आज दुपारी दळण आणायला निघाले होते. दारात एक चप्पल पायात सरकवली होती. डबे गप्प होते. आई आत, माझ्याकडं पाठ करून, वाल सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"ये," ती म्हणाली.

मी काही बोलले नव्हते.

"आई, कुणाला म्हणालीस?"

"त्यालाच की. येऊ का म्हनून इचारत होता." तिच्या बोटांतून वालाचा दाणा निसटून ताटात वाजला. "बिचारा लय हळू बोलतोय आता."

मी चप्पल काढली. दळणाचा डबा खाली ठेवला. दार लावून घेतलं, कडी घातली, आणि उंबऱ्याशी आतल्या बाजूला उभी राहिले. लाकडाच्या पलीकडं काही ऐकू येत नव्हतं. नुसरतच्या घरातलं मशिन थांबलं होतं.

तो माझा धाकटा भाऊ होता. त्याला पाळण्यातून मी पहिल्यांदा उचललं होतं.

"जा," मी दाराला म्हणाले.

उद्याही म्हणेन. रोज म्हणावं लागलं तर रोज. मग मी आत गेले, आईच्या शेजारी बसले आणि ताटातले मूठभर सोललेले वाल तिच्या नकळत परत टोपलीत टाकले.